बंद कपाटातले पंख

१

शिरूरच्या कॉलेजात चोरी झाली आणि चोरीला गेलेला माल असा, की रस्त्यात उभं राहून फुकट वाटला असता तरी कोणी घरी नेला नसता. कपाटाचं कुलूप शाबूत होतं, कडी शाबूत होती, आतल्या बाटल्याही जागच्या जागी होत्या. गेल्या होत्या त्या फक्त बाटल्यांतल्या माश्या. त्यांच्या जागी दुसऱ्याच माश्या होत्या.

ही हकिगत दौंडला हौसराव जगदाळ्यांच्या ओट्यावर पोचली, तेव्हा हौसराव घरातली हरवलेली पळी शोधत होते. रेल्वे पोलिसांत जमादार म्हणून त्यांची हयात गेली होती. मालधक्क्यावरच्या चोऱ्या पकडण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, असं निदान ते स्वतः सांगत. पण पेन्शनीत निघाल्यापासून दौंडच्या चोरांनी त्यांच्याकडे साफ पाठ फिरवली होती. मग काय, घरातच तपास. पळी कुठे गेली, साय कोणी खाल्ली, उंबऱ्यावर ओला पाय कोणाचा. त्यांच्या बायकोच्या, कुशाबाईंच्या, नाकी नऊ आले होते.

त्यांच्या हाताखाली एके काळी शिपाई असलेले इमामभाई ओट्याच्या पायरीवर बसून सांगू लागले. "जमादार, माझ्या जावयाला चोर म्हणत्यात. मेहमूदला. कॉलेजातनं घरी बसवलाय. शिरूरच्या बाजारात पोराटोरांच्या तोंडी झालंय. माझी शहाबानो दोन दिस जेवली न्हाई."

"चोरलं काय त्यानं?"

"माश्या."

हौसरावांनी इमामभाईंच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. गंमत करण्यातला माणूस नव्हता. "कसल्या माश्या?"

"पिकल्या केळ्यावर घोंगावत्यात ना, त्या. बारकी चिलटं. प्रोफेसरनं पाळल्यात. महिनाअखेर पुण्याहून युनिव्हर्सिटीची कमिटी यायची हाय. त्याच्या आत मेहमूद निर्दोष ठरला तर ठीक, न्हाई तर कायमचा घरी. आन् एक इपरीत हाय जमादार. त्याची किल्ली काढून घेतली, आन् पुढं त्याच बंद कपाटात पहिल्यावाणीच माश्या परत आल्या!"

हौसराव उठून उभे राहिले. चोर माल नेतो हे त्यांना ठाऊक होतं. नेलेला माल कुलूप न उघडता परत ठेवणारा चोर त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

आतून कुशाबाईंचा आवाज आला. "अवं, बघताय काय? निघा की! पळी मी हुडकते." पिशवी भरून तयारही होती.

२

प्राध्यापक आगाशे मूळचे पुण्याचे. सडपातळ, चिडखोर आणि बोलताना समोरच्याच्या डोक्यावरून पलीकडे बघणारे. कॉलेज नवं असल्यामुळे सायन्सचा बाडबिस्तरा बाजारपेठेतल्या एका गल्लीत, भाड्याच्या दोन खोल्यांत होता. एक खोली आगाशे सरांच्या माश्यांची, दुसरी वनस्पतिशास्त्राच्या ढमढेरे सरांची. माश्यांच्या खोलीत मागच्या भिंतीला टेकून एक लोखंडी कपाट उभं होतं.

"ही माझी प्रजा," म्हणून आगाशे सरांनी एक बाटली हौसरावांच्या नाकापुढे धरली. तळाला गूळ आणि मक्याच्या पिठाची शिजवलेली खळ, तोंडाला कापसाचा बोळा, आणि मधे काचेवरून चालणारे तिळाएवढे जीव.

"ह्या उडत का न्हाईत?"

"पंख खुरटे आहेत. पिढीजात. बापाचे तसे, आजोबांचे तसे, नातवाचेही तसेच होणार. मुंबईच्या मित्राकडून हा वाण आणलाय मी. समितीला हाच दाखवायचाय."

आधी बाटल्या खिडकीजवळ टेबलावर असत. समितीचं पत्र आलं आणि आगाशे सरांना वाटू लागलं की कोणीतरी घात करणार. म्हणून जानेवारी लागता लागता त्यांनी सगळ्या बाटल्या कपाटात हलवल्या. किल्ल्या दोन. एक सरांच्या जानव्याला, दुसरी मेहमूदकडे, कारण खळ शिजवायची, बाटल्या धुवायच्या, ही कामं त्याची.

"आणि महिना संपत आला तेव्हा बाटली उघडतो, तर पंखवाल्या माश्या! भुर्रकन उडून एक माझ्या चष्म्यावर बसली." सरांचा आवाज चढला. "सरळ आहे. ह्याच्या हातून बाटल्या सांडल्या असणार. घाबरून बाजारातल्या केळ्यांवरच्या माश्या धरून भरल्या. मी किल्ली काढून घेतली, आणि आता निघालेली पिलावळ पुन्हा खुरट्या पंखांची. चोर गेला, चोरी थांबली!"

"पर सर, बाटलीत बाजारातल्या माश्या भरल्या, तर त्यांची पोरं बाजारातल्यावाणी निघाया पायजेत. खुरटी कशी निघाली?"

"किल्ली देण्याआधी त्याने मूळच्या परत आणून ठेवल्या असतील."

"मंजी जमिनीवर सांडलेल्या?"

आगाशे सर हौसरावांच्या डोक्यावरून पलीकडे बघू लागले. हौसरावांनी दुसरा प्रश्न टाकला. "सगळ्याच बाटल्या बदलल्या व्हत्या?"

"छे. मागच्या रांगेतल्या. भिंतीकडच्या. पुढच्या रांगेत माझ्याच होत्या."

हे काही हौसरावांना पचेना. मालगाडीच्या वाघिणीतून पोतं पळवणारा चोर दाराजवळचं पोतं उचलतो. पुढची रांग ओलांडून, आत हात घालून, मागचाच माल बदलायची हौस कोणाला? ते विचारात पडले असतानाच दाराआड काहीतरी खुडबुडलं. त्यांनी झटकन वळून पाहिलं. कोट घातलेला एक जाडजूड माणूस पोटाशी काहीतरी धरून व्हरांड्यातून पळत होता.

३

ते ढमढेरे सर निघाले. मूळचे केंदूर गावचे. हौसरावांनी त्यांना त्यांच्याच खोलीच्या दारात गाठलं.

"मी पळालो नाही, चाललो होतो," ढमढेरे धापा टाकत म्हणाले. "आणि माश्यांचं विचाराल तर मला त्यांचा राग आहे, उघड सांगतो. माझ्या अळिंबीच्या कुंड्यांत घुसतात. वर ते मांजर! जानेवारीभर आगाश्यांच्या कपाटावर, मागच्या कोपऱ्यात पथारी टाकून होतं. खोलीत कोणी आलं गेलं तरी हलायचं नाव नाही. आता ईद झाल्यापासून माझ्या खुर्चीवर येऊन बसतंय."

"कोटाखाली काय हाय?"

"ते खासगी आहे."

हौसरावांनी मिशीवरून हात फिरवला. मत्सर होता, शेजार होता, कोटाखाली ऐवज होता. आणखी काय पाहिजे? पण आधी मेहमूदला भेटणं भाग होतं.

मेहमूद घराच्या अंगणात बसला होता. तिशीतला, उंच, आणि बोलताना हाताची बोटं एकमेकांत गुंतवणारा. शहाबानोनं चहा आणून ठेवला आणि ती तिथंच उभी राहिली.

"मामा, मी माशी बदलली न्हाई," मेहमूद म्हणाला. "बाटली सांडलीबी न्हाई. रोजे सुरू झाल्यावर एवढंच सायबांना म्हनालो, की मागल्या बाटल्यांतली खळ लई लवकर सुकतीया. तर म्हनाले, तू पाणी कमी घालतोस. मग मी जास्त घातलं. तरी सुकायची."

"इमानानं सांगितलं त्याचं ह्येच का फळ दिलं सायबानं?" शहाबानो तडकून म्हणाली. "मामा, नोकरी गेली तर दुसरी बघू. पर चोराची बायको म्हणून मी ह्या गावात न्हाई ऱ्हायाची. तुम्ही खरं काय ते काढा. आमच्या इरुद्ध निघालं तरी काढा."

हौसरावांनी चहाची कपबशी उचलली. मालधक्क्यावर त्यांनी चोर म्हणून कितीतरी जणांची गचांडी धरली होती. त्या माणसांच्या घरी चहा प्यायची वेळ मात्र कधी आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राचार्यांसमोर, आगाश्यांसमोर, भरल्या खोलीत ढमढेरे सरांकडे बोट दाखवलं. "चोर हा हाय! कोट उघडा!" ढमढेरे सर लालबुंद झाले. कोट उघडला. आतून गुळाचा खडा खाली पडला.

"तरीच!" आगाशे ओरडले. "तरीच माझी ढेप महिन्यात संपते! माझ्या प्रजेच्या तोंडचा घास!"

"गूळ घेतला," ढमढेरे छाती काढून म्हणाले, "पण माशीला हात लावला नाही. चहाला गूळ लागतो मला. साखर सोसत नाही."

प्राचार्यांनी हौसरावांकडे अशा नजरेने पाहिलं, की हौसरावांना परतीची एस.टी. कितीची आहे ते आठवू लागलं.

४

पण हौसराव गेले नाहीत. अपमान झाला की ते अधिक चिकट होत.

"सर," ते आगाश्यांना म्हणाले, "मालधक्क्यावर पोत्याला दोन खुणा असत्यात. एक लेबल, दुसरी शिवण. लेबल चोर बदलतो, शिवण त्याच्या ध्यानात येत न्हाई. तुमच्या माशीला पंखांबिगर दुसरी कुठली खूण हाय का?"

"आहे ना. डोळे. बाजारातल्या माशीचे डोळे लालभडक असतात. माझ्यांचे जांभळट. तोही पिढीजात गुण, ह्याच वाणाचा."

"आन् त्या पंखवाल्यांचे कसे हुते?"

आगाशे सरांनी बोलायला तोंड उघडलं आणि तसंच ठेवलं. पंख पाहून त्यांचं डोकं असं भडकलं होतं, की डोळ्यांकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं. सुदैवानं पुरावा म्हणून पंखवाल्या माश्यांची एक बाटली त्यांनी टेबलाच्या खणात कोंडून ठेवली होती. ती निघाली. शेजारी केळ्यांच्या गाडीवरून हौसरावांनी स्वतः धरून आणलेली बाजारची माशी आली. ती धरताना तीन केळी विकत घ्यावी लागली ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. आगाशे सर भिंगाला डोळा लावून बसले. आधी बाजारची माशी. मग पुराव्याची. मग पुन्हा बाजारची.

"लाल," ते पुटपुटले. "जांभळट. जांभळट. ही पण जांभळट."

त्यांनी मान वर केली तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. "जमादार, ह्या माझ्याच आहेत."

"म्हंजी माश्या कुणी बदललेल्याच न्हाईत?"

"नाहीत."

हौसराव मटकन स्टुलावर बसले. माल जागेवर होता, आणि त्याला पंख फुटले होते. असल्या गुन्ह्याला पिनल कोडात कलम कुठलं लावावं हे त्यांना कळेना. आणि तरीही एक गोष्ट आगाशे सर सोडेनात. "पण मेहमूद गेला आणि पंख गेले, हे खरंच ना? काहीतरी औषध घातलं असेल त्याने खळीत!"

५

दुपारी डोकं चालेना म्हणून हौसराव चहाबरोबर खायला खारी आणायला निघाले. जवळची बेकरी रशीदची. गल्लीतून बाहेर पडायचं, डावीकडे वळायचं, चौकातून पुन्हा डावीकडे, आणि पलीकडच्या गल्लीत बेकरीचं दार. चालताना एकच प्रश्न त्यांच्या डोक्यात घुमत होता. मेहमूद गेला त्याच सुमाराला शिरूरातून आणखी काय गेलं?

रशीद भट्टीजवळच्या बाकड्यावर पाय सोडून बसला होता. "या जमादार. खारी हाय, पर कालची. आता एकदाच भट्टी पेटवतो, सकाळच्याला. रोज्यांत याया पायजे हुतं तुम्ही! पहाटे सहरीला पाव, सांजच्याला इफ्तारीला पाव, नानकटाई, ईदची बिस्किटं. दिवसरात्र भट्टी पेटलेली. ईद झाली आन् मी चार दिस निस्ता झोपलो."

हौसरावांनी खारी तोंडात घातली आणि ती तशीच राहिली. भट्टीमागच्या भिंतीतून आवाज येत होता.

"...पाव ढेप! एका महिन्यात पाव ढेप!"

"गूळ घेतला, आगाशे, माशी नाही! किती वेळा सांगू?"

"ह्यो कोण वराडतोय?" हौसरावांनी विचारलं.

"कॉलेजातले मास्तर. रोज भांडत्यात." रशीद हसला. "वळसा घालून आलात म्हणून लांब वाटतं. भिंतीला भिंत हाय आमची."

हौसराव उठले आणि भट्टीमागच्या भिंतीवर त्यांनी हात ठेवला. सकाळची भट्टी विझून गेली होती तरी भिंत अजून कोमट होती. तापल्या तव्याला हात लावावा तसे ते दचकले, आणि खारीचा पुडा तिथंच टाकून धावत सुटले.

६

"पहिल्यापास्नं बघा," कपाटासमोर उभं राहून हौसराव म्हणाले. आगाशे, ढमढेरे, प्राचार्य आणि बोलावून आणलेले मेहमूद-शहाबानो, सगळे हजर होते. "मागचीच रांग का बदलली? कारण ती भिंतीला चिकटलेली. खळ मागंच का सुकली? भिंत तापलेली. मांजर थंडीच्या महिन्यात कपाटाच्या मागल्या कोपऱ्यात का निजलं? त्याला ऊब कळली, आपल्याला न्हाई. बाटल्या कपाटात गेल्या आन् रोजे लागले, दोन्ही एकाच सुमाराला. ईद झाली, रशीदची भट्टी निजली, मांजर उठलं. त्याच वेळी तुम्ही मेहमूदची किल्ली घेतली. तुम्ही मेहमूद गेला म्हणून बघत राहिलात. गेली हुती ती ऊब!"

"पण उबेनं पंख फुटतात होय?" प्राचार्यांनी विचारलं. "मग उन्हाळ्यात तुम्हाआम्हाला फुटायला हवेत."

हौसरावांनाही पुढचं ठाऊक नव्हतं. त्यांनी आगाश्यांकडे पाहिलं. आगाशे सरांनी चष्मा काढून पुसला. मग हळूहळू बोलू लागले, आणि प्रथमच समोरच्यांच्या तोंडाकडे बघून.

"वाचलंय मी हे. विद्यार्थी असताना, एका परदेशी पुस्तकात. काही वाणांचा दोष उष्णतेपुढे झुकतो. माशी अळीच्या रूपात असते तेव्हा तिच्या पंखांची बेगमी होते. त्या काळात थंडावा असला तर पंख खुरटे, चांगली ऊब मिळाली तर पंख लांबतात. एकदा माशी होऊन बाहेर पडली की मग कितीही तापवा, निववा, फरक नाही. म्हणून तर पंखवाल्यांची पोरं थंडीत पुन्हा खुरटी निघाली. रक्तातला दोष रक्तातच होता. मी परीक्षेत लिहिलंय हे. आणि इथं आठवलं नाही, कारण मला चोर हवा होता."

तरी प्राचार्यांना पुरावा पाहिजे होता. मग ठरलं, की भट्टी पुन्हा रोज्यांतल्यासारखी पेटवायची. कपाटाला हौसरावांनी लाखेची मोहोर लावली आणि किल्ल्या दोन्ही स्वतःच्या कमरेला बांधल्या. खळ ओली राहावी म्हणून आगाशे सर त्यांच्या देखत बाटल्यांत पाणी शिंपीत, आणि दर वेळी हौसराव मोहोर फोडून पुन्हा नवी लावत. अडचण एकच, एवढ्या पावाचं करायचं काय? रशीदनं हात वर केले. मग सगळ्या कॉलेजानं पाव खाल्ला. प्राचार्यांनी उसळीबरोबर खाल्ला, पोरांनी चहात बुडवून खाल्ला, आणि ढमढेरे सरांनी गुळाबरोबर, आता मागून घेऊन.

नवी पिलावळ निघाली तशी शेवटची मोहोर फोडली. पुढच्या रांगेत खुरट्या पंखांच्या माश्या होत्या. मागच्या रांगेत पंखवाल्या, आणि डोळे सगळ्यांचे जांभळट. प्राचार्यांनी तिथल्या तिथं मेहमूदला कामावर घेतलं. दोन्ही रांगा आता समितीला दाखवायच्या ठरल्या, कारण नुसत्या खुरट्या माशीपेक्षा ही गंमत मोठी होती.

आगाशे सर मेहमूदजवळ गेले आणि खालच्या आवाजात म्हणाले, "मेहमूद, माझी चूक झाली. माफ कर."

मेहमूदचे डोळे भरून आले. तो काही बोलणार, एवढ्यात शहाबानो पुढं झाली.

"सायेब, माफी पोचली. पर चोर म्हणालात ते साऱ्या बाजारात झालं. माफी मागताय ती खोलीत. बाजाराला कसं कळायचं?"

प्राचार्य खाकरले. ढमढेरे सर छताकडे बघू लागले. हौसरावांना वाटलं, आता हा चिडखोर माणूस बाईवर खेकसणार. पण आगाशे सरांनी कोट नीट केला, चपला घातल्या आणि बाहेर पडले. बाजाराचा दिवस होता. पेठेत पाय ठेवायला जागा नव्हती. मिरच्यांच्या आणि कांद्यांच्या ढिगांमधून वाट काढत ते भर चौकात गेले आणि एका उलट्या खोक्यावर चढले. जन्मात कधी ते इतके घाबरलेले दिसले नव्हते.

"लोकहो! मेहमूद शेख चोर नाही! मी त्याच्यावर खोटा आळ घेतला. चूक माझी होती!"

"कोन चोर न्हाई?" मागून कोणीतरी ओरडलं.

"मेहमूद शेख!"

"मग चोर कोन?"

"कोणीच नाही! चोरीच झालेली नाही!"

गर्दी हसली, मग टाळ्या पडल्या, आणि दोघातिघांनी मेहमूदच्या पाठीवर थापा मारल्या. आगाशे सर सुटकेचा श्वास टाकून खोक्यावरून उतरू लागले. शहाबानो खोक्याला हात लावून उभी होती. तिनं रस्त्याच्या टोकाकडे पाहिलं. तिथं धूळ उडवत एक एस.टी. येऊन थांबली होती.

"उतरू नका सायेब," ती म्हणाली. "निमोणे गावची माणसं बाजाराला आत्ता आली. त्यांनीबी ऐकलं हुतं."

आगाशे सरांनी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.